तांब्या लागेना

तांब्या तिसऱ्यांदा सुटला, अण्णांच्या पोटावरून घसरून जमिनीवर आपटला आणि घरंगळत बाजेखाली गेला. मी वाकून तो काढला. वर बघायची हिंमत होईना, म्हणून सापडल्यावरही उगाच बाजेखाली हात फिरवत राहिलो.

"काय हुडकतोयस?" थोरल्या आईनं विचारलं. "हातातच हाय की."

मी उठलो. बाजेवर हिंदुराव अण्णा उताणे पडले होते. साठीचा माणूस, एके काळचा तालमीतला गडी. गालफडं बसली होती, ओठ सुकले होते आणि पोट मात्र बेंबीसकट वर आलं होतं. उशाशी त्यांची आई, ऐंशीची थोरली आई. पायाशी पुतण्या संपत. तिघंही माझ्याकडं बघत होते आणि मी तांब्याकडं.

त्या काळी आमच्या भागात पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणत आणि मला बोलावणं धाडत. कणकेची चपटी पणती बेंबीवर ठेवायची, तिच्यात वात पेटवायची, वर पितळी तांब्या पालथा घालायचा. वात विझते, तांब्या कातडीला धरतो, पोट आत ओढलं जातं. थोड्या वेळानं तो फट् करून निघाला की बेंबी जाग्यावर आली. निम्म्या लोकांना त्या आवाजानंच वारा सरायचा आणि नाव तांब्याचं व्हायचं.

धंद्यानं मी दोर वळणारा. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. घायपातीचा वाख काढायचा, त्याला पीळ घालायचा, बैलांचे कासरे आणि मोटेचे जाड सोल वळून गावाला द्यायचे. दोर घेऊन आलो की अंगणात उभं राहायचं, तांब्या घेऊन आलो की थेट माजघरात. आमच्या सात पिढ्यांच्या दोरांनी जेवढे उंबरे ओलांडले नसतील तेवढे त्या एका भांड्यानं मला ओलांडू दिले होते. पाणी मात्र माजघरातही ओंजळीतच मिळायचं. थोरली आई वरून धार सोडायची, मी खाली वाकून प्यायचो.

तांब्याला वजन यावं म्हणून मी एक गोसावी तयार केला होता. घाटातल्या जंगलात मला भेटला. एका अजगरानं गाभण म्हैस गिळली होती, गोसाव्यानं अजगराच्या पोटाला तांब्या लावला, म्हैस जिवंत बाहेर आली आणि त्याच सांजेला व्याली आणि धारही दिली. जाताना तो तांब्या त्यानं मला देऊन टाकला. पुढं त्याच अजगरानं माझ्या बापाला गिळलं, पण तोवर गोसावी काशीला निघून गेला होता आणि मी अजून शिकाऊ होतो, म्हणून बाप आतच राहिला. ही गोष्ट मी पंधरा वर्षं सांगत होतो. दर खेपेला अजगर हातभर वाढायचा.

अण्णांना परसाकडं चार-चार दिवस होत नसे. महिन्यातून एकदा तरी निरोप यायचा, "पोट धरलंय, तांब्या घेऊन ये." मी यायचो, तांब्या लावायचो, गोष्ट सांगायचो. पण आज कळा सुरू होऊन तिसरा दिवस होता. मळ तर नाहीच, वाराही सरला नव्हता. सकाळी उलटी झाली होती.

"लागत का न्हाई?" संपतनं विचारलं.

"पोट ताणलंय. धरायला ढिली कातडी पाहिजे."

"मग चोळ," थोरली आई म्हणाली. तिनं तेलाची वाटी माझ्यापुढं सरकवली. "गोळा बसलाय. दाबून चोळ, बसला तसा उठंल."

मी तळहातावर तेल घेतलं. हात पोटावर ठेवला आणि तिथंच थांबलो.

पोट सगळीकडून सारखं वर आलं नव्हतं. डाव्या जांघेपासून एक जाडजूड फुगवटा निघाला होता आणि उजव्या बरगडीपर्यंत तिरका चढला होता. ट्रॅक्टरच्या चाकातली ट्यूब दुमडून आत घालावी आणि हवा भरावी, तसा. बोटानं टिचकी मारली तर हलगीसारखा वाजला. दोराला पीळ जास्त झाला की तो सरळ राहत नाही, मधेच उसळतो आणि स्वतःभोवती गुंडाळतो. डोळे मिटूनही हाताला ते कळतं. माझ्या हाताला कळलं. आणि असलंच पोट त्या हातानं आयुष्यात एकदा धरलेलं होतं.

"चोळ की," थोरली आई म्हणाली.

मी तळहाताचं तेल धोतराला पुसलं.

"आई, हे माझ्या हातातलं न्हाई. अण्णांना दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

 अण्णांनी डोळे उघडले.

"दवाखाना?" थोरली आई म्हणाली. "ह्याचा बाप त्या दवाखान्यात पायानं गेला आणि आडवा बाहेर आला. पोट फाडायचं नाव काढायचं न्हाई ह्या घरात. गोसाव्यानं तुला येवढी विद्या दिली ती कशाला?"

"गोसावी न्हवता," मी म्हणालो.

"काय न्हवता?"

"कुणी गोसावी न्हवता. तांब्या मी आठवडी बाजारात दोन कासऱ्यांच्या बदल्यात घेतलाय. मला पोटातलं काय बी कळत न्हाई. पण असलं पोट मी बघितलंय. माझा बाप असाच गेला. दोर विकायला दोघं लांबच्या बाजाराला गेलो होतो. वाटंत त्याचं पोट असंच फुगलं. तांब्या लागला न्हाई. दुसऱ्या दिवशी मावळतीला गेला."

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं भाषण. 

संपत हसला. "नाथा, ही नवी काढलीस व्हय?"

"तुझ्या बापाला अजगरानं गिळलं ना?" थोरली आई म्हणाली. "ह्याच माजघरात बसून सांगितलंयस. अजगराच्या तोंडातनं नुसतं पागोटं बाहेर दिसत होतं म्हणालास. मला रात्रभर झोप न्हवती."

"ते खोटं होतं, आई."

"पंधरा वर्षं खरं बोललास आणि आज माझा लेक असा पडलाय तवा खोटं बोलायला लागलास. का रं? काय पाहिजे तुला? धान्य पाहिजे? लुगडं पाहिजे बायकोला?"

 अण्णांना तेवढ्यात कळ आली. पाय पोटाशी घेऊन ते बाजेचा कठडा धरून कण्हत राहिले आणि कळ ओसरली तेव्हा त्यांची नजर माझ्या हाताकडं गेली.  मी बोटं मुठीत धरली.

मग मला वाटलं, खऱ्यानं जमत नसेल तर आपला धंदा काय वाईट आहे.

मी तांब्या उचलून कानाशी लावला. डोळे मिटले. चांगला शंभर आकडे मोजण्याइतका वेळ तसाच उभा राहिलो.

"बरोबर," मी म्हणालो. "गोसाव्याची आज्ञा होती, दुखणं अवघड झालं की विद्या एकदा नाकबूल करायची. म्हणून बोललो तसं. आता सांगतो. तीनदा लावून जो तांब्या लागत न्हाई तो कोरड्या जमिनीवर लागतच न्हाई. वाहतं पाणी ओलांडावं लागतं. रोगी पाण्याच्या पल्याड न्यायचा आणि चालत्या गाडीत तांब्या लावत राहायचं. जिथं लागंल तिथं उतरायचं."

थोरल्या आईचा चेहरा उजळला. "हे बघ, आता कसा बोललास. संपत, ट्रॅक्टर काढ."

"नदी पूर्वेला ओलांडायची," मी म्हणालो. पश्चिमेला नुसतं रान होतं. पूर्वेला पूल होता, पुलापलीकडं तालुका आणि तालुक्याच्या तोंडाशीच दवाखाना.

ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्या पसरल्या, वर वाकळ टाकली आणि अण्णांना झोपवलं. उन्हं कलायला लागली होती. रस्त्याला खड्डा आला की अण्णांच्या तोंडातून आवाज निघायचा, आणि खड्ड्याशिवाय रस्ता कुठं नव्हता. थोरली आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिला एका हातानं पदराचा आडोसा धरायला लावून मी वात पेटवायचो, तांब्या पालथा घालायचो, तो सुटायचा.

पूल ओलांडला.

"लाव आता," थोरली आई म्हणाली.

लावला. सुटला.

"का रं?"

"पाण्याचा वास अजून येतोय. पुढं."

जकात नाक्यापाशी लावला. सुटला. "पुढं." लाकडाच्या वखारीपाशी लावला. सुटला. "पुढं." अण्णांचा घाम आता गार लागत होता. वखारीपुढं संपतनं ट्रॅक्टरचा वेग कमी केला आणि मागं वळून म्हणाला, "नाथा, पुढं तर दवाखानाच हाय."

"तांब्या म्हणंल तसं," मी म्हणालो.

दवाखान्याच्या फाटकात मी तांब्या पालथा घातला आणि सगळं बळ लावून दोन्ही हातांनी तिथंच दाबून धरला. "लागला!" मी ओरडलो. "उतरवा!"

अण्णा कळवळले. एवढं एक मी त्यांच्याशी वाईट वागलो.

थोरली आई खाली उतरली, पाटी बघितली. वाचता येत नव्हतं, पण तांबडा क्रॉस तिला ओळखू येत होता. ती माझ्याकडं फिरली. ती बोलायच्या आतच दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली आणि अण्णा आत गेले.

डॉक्टर बाई होत्या. रेगेबाई. काटकुळ्या, चष्म्याच्या, कुणाला घाबरवायचं नाही आणि कुणाला घाबरायचं नाही असा आवाज. त्यांनी पोट बघितलं, कान लावला, फोटो काढायला लावला. फोटो ओलाच होता तेव्हा तो उजेडाला धरून आम्हाला दाखवला. पांढुरक्या पोटात काळी, दुमडलेली ट्यूब. माझ्या हाताला लागली तशीच.

"पोट कुणी चोळलंय का?" त्यांनी विचारलं.

"चोळ म्हणून सांगितलं मी," थोरली आई म्हणाली, "तर ह्यानं चोळलं न्हाई."

"नशीब तुमचं. अशा पोटावर जोर दिला तर आतडं फुटतं. मग माणूस राहत नाही."

मी हात पाठीमागं घेतले. बापाचं पोट मी चोळलं होतं. लोक म्हणाले चोळ, मी चोळलं. रात्रभर, तेल लावून, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून. पहाटे त्याची कळ एकदम थांबली होती आणि मला वाटलं होतं, आपल्या हाताला यश आलं.

"तो दोर द्या जरा," बाई म्हणाल्या. माझ्या खांद्यावर सवयीनं एक कासरा असायचा. त्यांनी तो टेबलावर मांडला. "आजी, इकडं बघा. लहान आतडं वीस फुटांचं. खाल्लेलं त्यात पचतं. राहिलेला पातळ गाळ येतो मोठ्या आतड्यात. हे पाचच फूट, पण जाड. उजव्या कुशीत सुरू होतं, बरगडीखालपर्यंत चढतं, पोटावरून आडवं जातं, डावीकडून खाली उतरतं. जाता जाता गाळातलं पाणी शोषून घेतं, म्हणून मळ बांधला जातो. अगदी शेवटाला, गुदाच्या आधी, ते असं वळण घेतं." त्यांनी दोराचा एक झोळ केला. "तुमच्या मुलाचं हे वळण फार लांब झालंय. वर्षानुवर्षं मळ तुंबून ताणलं गेलंय. दोन्ही टोकं जवळजवळ बांधलेली आणि मधला झोळ मोकळा. तो फिरला."

त्यांनी झोळ फिरवला. दोर स्वतःभोवती बसला.

"म्हणजे वरची वाट बंद, खालची वाट बंद," मी म्हणालो. "आणि मधी वारा कोंडलाय."

"हो. आणि रक्ताच्या वाहिन्याही त्याच पिळात आवळल्यात. फार वेळ गेला तर ते आतडं काळं पडेल. काळं पडलं असेल तर आत्ताच पोट उघडावं लागेल. नसेल तर खालून नळी घालून पीळ सोडवता येतो. आधी नळी घालून बघते. कुणीतरी संमती द्या."

"पोट उघडायचं न्हाई," थोरली आई म्हणाली. "नळी बी न्हाई. नाथ्या, तुझा गोसावी काय म्हणतो?"

रेगेबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही बाई आपल्याला फाटकाबाहेर काढणार.

"गोसावी म्हणायचा," मी म्हणालो, "कुठल्या बी दोराचा पीळ लांबनं ओरडून सुटत न्हाई. टोकाकडनं आत शिरावं लागतं. पिळाला हात लागला तरच पीळ सुटतो."

"शहाणा होता तुमचा गोसावी," बाई म्हणाल्या. "आणखी काही म्हणायचा?"

"म्हणायचा, उशीर करू नका."

थोरल्या आईनं अंगठा उठवला.

दार बंद झालं. आम्ही तिघं बाहेर फरशीवर बसलो. तिच्या सांगण्यावरून मी तांब्या दाराच्या उंबऱ्यावर पालथा ठेवला. येणारेजाणारे तो ओलांडून जात होते. आतून अण्णांचं कण्हणं ऐकू यायचं, मग थांबायचं. थांबलं की जीव जायचा. कळ एकदम थांबणं म्हणजे काय असतं ते आम्हा तिघांत मला एकट्याला माहीत होतं.

"नाथ्या," थोरली आई हळूच म्हणाली, "लई येळ गप हाय तो."

 संपतनं विडी काढली आणि न पेटवता परत ठेवली.

आणि मग तो आवाज आला. आता यात मी एक अक्षर वाढवून सांगत नाही, वाढवायची सोयच नाही. आधी भात्यासारखा सुस्कारा, मग पाट फोडल्यावर सुटतो तसा लोट, मग बादली पालथी झाल्याचा खडखडाट आणि रेगेबाईंचा आवाज, "बाजूला व्हा, बाजूला व्हा." दाराच्या फटीतून वास आला. अख्ख्या व्हरांड्यातली माणसं उठून अंगणात गेली. आम्ही तिघं तेवढे तिथं बसून तो वास छातीत भरून घेत होतो.

नर्स पदर नाकाला लावून बाहेर आली. "पोट बसलं," ती म्हणाली. "पाणी मागतायत."

थोरली आई उठली, उंबऱ्यापाशी गेली आणि तांब्याच्या पाया पडली.

रात्र निभावली. सकाळी रेगेबाईंनी थोरल्या आईला समोर बसवून सांगितलं, "पीळ सुटलाय, वळण तसंच आहे. आठवडाभर इथं ठेवा, मी तेवढा तुकडा काढून टोकं जोडते. तसेच घरी नेलंत तर पुन्हा फिरेल. महिन्यानं, वर्षानं, सांगता येत नाही. पुढच्या वेळी नळीनं सुटेलच असं नाही."

थोरली आई ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "पुन्यांदा फिरला तर पुन्यांदा तांब्या हाय की. पूल कुठं जात न्हाई."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी त्यांच्या टेबलाकडं बघत राहिलो. दहाच्या सुमाराला अण्णा ट्रॉलीत होते.

मी बसलो होतो मागं, फळीला टेकून. मांडीवर तांब्या. थोरली आई वाटेत भेटेल त्याला सांगत होती, तांब्या जकात नाक्यापाशी कसा गरम झाला, वखारीपाशी कसा गुरगुरला. माझ्यापेक्षा बरी सांगत होती. आठ दिवसांत पंचक्रोशी माझ्या दारात उभी राहिली असती. फुगलेली पोटं घेऊन लोक आले असते आणि मी कुणाकुणाला कुठल्या नदीपल्याड नेणार होतो? अण्णा डोळे मिटून पडले होते. पोट सपाट, सदऱ्याखाली श्वासासरशी हलत होतं. आत तो झोळ तसाच लोंबत होता, मोकळा.

पुलाच्या मधोमध मी म्हणालो, "संपत, थांब जरा. पाण्याला हात जोडायचेत."

ट्रॅक्टर थांबला. मी कठड्यापाशी गेलो, हात जोडले आणि तांब्या सोडला. खाली डोह होता. एकदा चकाकला आणि गेला.

"अरं!" थोरली आई ट्रॉलीत उभी राहिली. "काय केलंस हे?"

"संपला तांब्या."

"संपला म्हणजे? घरात दहा तांबे हायती. त्यातला घे."

"न्हाई आई. आता पुन्हा पीळ बसला तर माझ्याकडं काय बी न्हाई. हे दोन हात हायती. आणि ह्या हातांनी मी माझ्या बापाचं पोट रात्रभर चोळलंय. काल डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंय."

पुलाखालून पाणी वाहत होतं. मागं एका एस.टी.नं हॉर्न वाजवला. थोरली आई माझ्या हातांकडं बघत होती. पाण्याकडं बघितलं, परत हातांकडं बघितलं.

"अजगर?" तिनं विचारलं.

"न्हवता."

ती खाली बसली. अण्णांच्या कपाळावरून हात फिरवला.  एस.टी.नं पुन्हा हॉर्न वाजवला.

"संपत," ती म्हणाली, "मागं फिरव."

त्यानंतर दीड महिना मी त्या घराकडं फिरकलो नाही. ऑपरेशन नीट झालं एवढं कानावर आलं होतं. मग अण्णांच्या बैलांना कासरे हवे झाले, म्हणून गेलो आणि रिवाजाप्रमाणं अंगणात उभा राहिलो. अण्णा सोप्यात जाजमावर बसले होते. वाळले होते, पण रंग आला होता.

"वर ये," ते म्हणाले.

"असू दे अण्णा. दोर द्यायचे होते."

"वर ये म्हणतोय न्हवं?"

मी सोप्याच्या काठावर टेकलो. अण्णांनी दोर हातात घेऊन पीळ बघितला.

"गोसावी न्हवता," ते म्हणाले.

"न्हवता."

"म्हाईत होतं मला."

"कवापासनं?"

"म्हशीनं त्याच सांजंला धार दिली म्हणालास, तवापासनं."

 "मग पंधरा वर्षं तांब्या कशाला लावून घेत होता?"

अण्णांनी एकदा माजघराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "पोट दुखायचंच. तांब्यानं कधी उतरलं न्हाई. पण तू दोर घेऊन आलास की आई तुला अंगणातनंच वाटंला लावायची. बिगर तांब्याचा तुला आत कसा बोलावणार? आणि पुढचा अजगर कोण सांगणार?"

आत भांड्याचा आवाज झाला. थोरली आई बाहेर आली. मी सवयीनं उठून ओंजळ पुढं केली. तिनं माझ्या ओंजळीकडं बघितलंच नाही. हातातला पाण्याचा तांब्या माझ्यापुढं जाजमावर ठेवला, भिंतीला टेकून बसली आणि पाय लांब केले.

"पी," ती म्हणाली. "आणि मग सांग. म्हशीनं त्या सांजंला दूध दिलं तरी किती?"

मी तांब्या उचलला. हाताला चांगलाच जड लागला.

"सहा शेर," मी म्हणालो, "साय वेगळी."